फळी मोठी, पण भार खुंटीवर

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर एका गावी गेलो होतो. तेथील एका जुन्या शेतकऱ्याला सारा गाव तात्या म्हणतो. मला त्यांची एक वही पाहायची होती. बावीस वर्षे तात्यांनी त्या वहीत पावसाची नोंद ठेवली होती. पहिला पाऊस कोणत्या दिवशी झाला, पेरणीजोगी ओल कधी झाली, कोणत्या तुकड्यात कोणते बियाणे टाकले, उतारा किती आला, सारे त्यात होते. सरकारी पर्जन्यमापकावरचा पाऊस आमच्या दप्तरी असतो. तात्यांच्या शिवारात पडलेला पाऊस मात्र फक्त तात्यांच्या वहीत होता.

तात्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाले, "साहेब, ती वही वाळवीनं खाल्ली."

काकूंनी मग सारे सांगितले. थोरली नात दहावीत गेली तेव्हा तालुक्याहून पुस्तकांसाठी एक तयार कपाट आणले होते. भुशाच्या पाट्यांचे, वरून गुळगुळीत, दिसायला झकास. फळ्या हव्या तशा खालीवर करता येत. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी श्रावणात एका रात्री मधली फळी सगळ्या पुस्तकांसकट खाली आली आणि खालच्या फळीलाही घेऊन आली. नात रोज तेथेच अंथरूण टाकून अभ्यास करी. त्या रात्री ती आत आजीजवळ झोपली होती, म्हणून वाचली. काकूंनी ठणकावून सांगितले, "नको ते कपाट माझ्या घरात." पुस्तके, वह्या, तात्यांची नोंदवही, सारे दोन गोण्यांत भरून माळ्यावर गेले. दिवाळीची झाडलोट काढली तेव्हा गोण्यांत माती आणि भोके एवढेच शिल्लक होते.

मी ते कपाट पाहिले. फळी शाबूत होती. बाजूही उभ्या होत्या. फळी ज्यांवर टेकली होती त्या चार प्लास्टिकच्या पिनांपैकी एक मोडली होती आणि दुसरीचे भोक बोट जाईल एवढे फाकले होते. म्हणजे वही वाळवीने खाल्ली हे खरे. पण तिला माळ्यावर पाठवले ते दोन रुपयांच्या पिनेने.

मी काही सुतार नाही. पण जुवाची शिवळ निसटली की चांगला बैलही जुवाबाहेर जातो, हे आपण सारे जाणतो. कपाटाचेही तसेच आहे. आपण लाकूड पाहतो, पॉलिश पाहतो, किंमत पाहतो. फळी कशावर टेकणार आहे हे कोणी विचारत नाही. म्हणून आज त्याच बारीक गोष्टीविषयी चार शब्द लिहितो.

फळी हलती कशाला हवी?

काही जण म्हणतील, एवढी कटकट कशाला? फळ्या कायमच्या ठोकून टाकाव्यात. तसे केले तर आधाराचा प्रश्नच मिटतो, हे खरे. पण घरातली पुस्तके एका मापाची नसतात. शाळेची पुस्तके नऊ-दहा इंच उंच. कादंबऱ्या आणि कथांची पुस्तके त्याहून लहान. पोथी आडवी ठेवावी लागते. सातबारा, कर्जाची कागदपत्रे, खताच्या पावत्या यांची पेटीसारखी फाइल ठेवायची तर चौदा इंच उंचीचा खण लागतो. शिवाय घर बदलत जाते. आज खालच्या खणात चित्रांची पुस्तके असतात. चार वर्षांनी तेच पोर सातवीत जाते आणि त्याला वरचा खण लागतो. ठोकलेल्या फळीत पुस्तक मावले नाही की ते आडवे कोंबले जाते, नाही तर खाटेखाली जाते. नजरेआड गेलेले पुस्तक कोणी वाचत नाही.

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले गेलेले डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. ग्रंथालय सतत वाढत असते, अशा अर्थाचा पाचवा नियम आहे. तो जसा मोठ्या ग्रंथालयाला लागू, तसाच घरच्या कपाटालाही. सातारा जिल्ह्यातील भिलार हे स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव. ४ मे २०१७ रोजी तेथे 'पुस्तकांचे गाव' हा राज्य शासनाचा उपक्रम सुरू झाला आणि गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांतून पुस्तकांच्या कपाटांना जागा दिली. शेतकऱ्याच्या घरात पुस्तकाचे कपाट शोभत नाही, असे आता कोणी म्हणू नये. ते नीट उभे राहिले पाहिजे, एवढेच.

आधी वजन ओळखा

पुस्तके किती जड असतात याचा अंदाज आपल्याला नसतो. धान्याचे पोते उचलताना आपण कंबर सावरतो, पुस्तके मात्र कागद म्हणून सोडून देतो. मी घरी एक फूट लांबीची पुस्तकांची रांग काट्यावर ठेवून पाहिली. साधारण आठ ते नऊ किलो भरली. म्हणजे ३ फूट फळी भरली की तिच्यावर पंचवीस किलो, सिमेंटचे अर्धे पोते. अशा पाच फळ्या भरल्या तर सव्वाशे किलो. आणि धान्याचे पोते चार महिन्यांत रिकामे होते. पुस्तकांचा भार रात्रंदिवस, वर्षानुवर्षे तसाच राहतो.

पंचवीस किलो चार आधारांवर वाटले की एकेका आधारावर सव्वासहा किलो येतात. लोखंडाच्या बारीक पिनेलाही एवढे वजन काहीच नाही. मग फळी पडते का? कारण बहुधा पिन मोडत नाही, भोक मोडते. लोखंड कठीण, लाकूड मऊ. पिनेखालचे लाकूड हळूहळू दबते, गोल भोक लांबट होते, पिन खाली झुकते आणि एक दिवस निसटते. भुशाच्या पाटीत हे लवकर होते. ओल लागली की ती पाटी फुगते आणि तिचा भुसा सुटू लागतो. चांगल्या सागवानात हे सहसा होत नाही. म्हणून आधार निवडताना पहिला प्रश्न, 'पिन किती मजबूत?' हा नाही. 'पिन ज्यात बसणार ते लाकूड कसे?' हा पहिला प्रश्न.

फळी आखूड ठेवा

आधार चांगला असूनही फळी मधे झोळीसारखी वाकली, तर तिची टोके पिनांवरून आत सरकतात. म्हणून आधाराआधी लांबीचा विचार करावा. येथे एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. फुटामागे पुस्तके तेवढीच ठेवली आणि लांबी दुप्पट केली, तर फळीचा झोल दुपटीने वाढत नाही, सोळा पटींनी वाढतो. उलट, ४ फुटांची फळी ३ फुटांवर आणली तर झोल एक-तृतीयांशाहूनही कमी होतो. जाडीचेही असेच: जाडी दुप्पट केली की झोल आठवा हिस्सा राहतो.

यावरून साधा नियम असा. सहा सुती, म्हणजे पाऊण इंची, सागवानी फळी किंवा चांगला प्लायवूड असेल तर दोन आधारांमधले अंतर अडीच फुटांपेक्षा जास्त ठेवू नये. भुशाची पाटी असेल तर दोन फुटांवर थांबावे. लांब फळीच हवी असेल, तर तिच्या पुढच्या कडेला खालून दीड इंच रुंदीची पट्टी उभी लावावी. फळीची ताकद बरीच वाढते आणि दिसायलाही बरे दिसते.

करून पाहायचे असेल तर फळीवर पंचवीस किलो धान्य पसरून रात्रभर ठेवा. सकाळी पुढच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणा. ३ फुटांत मधे एक सुतापेक्षा जास्त फट दिसली, तर ती फळी पुस्तकांना कमी पडणार. पहिल्या रात्री लाकूड जेवढे वाकते, त्याहून वर्षभराने अधिक वाकते, हेही ध्यानात असू द्या.

आधारांचे प्रकार

बाजारात आणि सुताराकडे जे आधार मिळतात, त्यांचे गुणदोष असे.

१. लाकडी पट्टी. कपाटाच्या दोन्ही बाजूंना आतून आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवायच्या आणि त्यांवर फळी ठेवायची. यात भार चार ठिपक्यांवर न येता पूर्ण पट्टीवर वाटला जातो. मजबुतीला याला तोड नाही. फळी हलवता येत नाही, हा दोष. पण त्यालाही उपाय आहे. सुरुवातीलाच तीन-तीन इंचांवर पट्ट्यांच्या जोड्या लावून टाकाव्यात. फळी हव्या त्या जोडीवर सरकवावी. हलके लाकूड आणि जड पुस्तके असतील तेथे हाच आधार घ्यावा.

२. लाकडी किंवा बांबूची खुंटी. बाजूंना भोके पाडून त्यांत गोल खुंट्या बसवायच्या. बांबू घ्यायचा तर भरीव आणि पक्का वाळलेला घ्यावा. ओला बांबू वाळला की खुंटी भोकात खुळखुळते. खुंटी तीन सूत जाडीची असावी. खर्च जवळजवळ नाही. फक्त खुंटी भोकात घट्ट बसली पाहिजे आणि भोक पुरेसे खोल पाहिजे.

३. लोखंडी किंवा पितळी पिन. दुकानात गोल पिना मिळतात, तशाच पुढे चपटी जीभ असलेल्याही मिळतात. जीभवाली पिन घ्यावी. गोल पिनेवर फळी एका रेघेवर टेकते, जिभेवर ती बसते. काही जिभांना भोक असते. त्यातून खालून छोटा स्क्रू फळीत घातला की फळी पुढे सरकत नाही. घरात लहान मूल फळीला लटकणारे असेल तर हा स्क्रू जरूर घालावा. सागवान, बाभूळ अशा घट्ट लाकडाला आणि चांगल्या प्लायवूडला ही पिन उत्तम.

येथे एक घरगुती युक्ती सांगतो. घराचे बांधकाम झाले की दोन सुती सळईचे तुकडे उरतात. ते दीड-दीड इंचाचे कापून कानशीने टोके घासली की चांगल्या पिना तयार होतात. एक टोक पाऊण इंच भोकात, उरलेले पाऊण इंच बाहेर. सळई आधी हाती घ्यावी आणि तिच्या मापाचे बिट शोधावे. भोक आधी पाडून मग सळई शोधू नये. फळी सरकू नये म्हणून तिच्या खालच्या अंगाला पिनेच्या जागी छोटी खाच काढावी. पिन खाचेत बसते.

४. प्लास्टिकची पिन. तयार कपाटाबरोबर बहुधा हीच येते. कपडे, खेळणी, औषधांच्या बाटल्या यांना चालेल. पुस्तकांना नको. कायमच्या भाराखाली प्लास्टिक हळूहळू वाकत जाते आणि जुने झाले की ठिसूळ होते. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात काय उकाडा असतो, ते मी सांगायला नको. तयार कपाट घरी असेल तर त्या पिना काढून त्याच मापाच्या लोखंडी पिना घालाव्यात. पुष्कळ तयार कपाटांना ५ मिलिमीटरची भोके असतात. दुकानात जाताना जुनी पिन खिशात टाकून न्यावी. बोटाने माप दाखवून आणलेली पिन परत करायला दुसरी खेप पडते.

५. भोकातली नळी. पितळेची किंवा लोखंडाची छोटी नळी भोकात ठोकतात आणि तिच्यात पिन घालतात. पिनेचा भार नळीच्या मोठ्या अंगावर वाटला जातो, त्यामुळे भोक लवकर फाकत नाही. मऊ लाकडाला आणि भुशाच्या पाटीला पिनच वापरायची असेल, तर ती नळीशिवाय वापरू नये. थोडेसे फाकलेले भोक मोठे करून त्यात नळी बसवली, तर जुने कपाटही वाचते.

६. खाचांची लोखंडी पट्टी. बाजूला वरपासून खालपर्यंत पट्टी स्क्रूने बसवतात. तिच्या खाचांत क्लिपा अडकवून फळी ठेवतात. एका पट्टीला अनेक स्क्रू असल्याने भार वाटला जातो. फळी सारखी हलवावी लागत असेल, जसे शाळेत किंवा वाचनालयात, तेथे ही सोयीची. चारही पट्ट्या खालून एकाच मापावर सुरू झाल्या पाहिजेत, नाही तर फळी कायम डुगडुगते.

७. दातेरी लाकडी पट्टी. विकत काही न आणता करता येणारा हा आधार मला सर्वांत आवडतो. तीन इंच रुंदीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. प्रत्येकीच्या मधोमध उभी रेघ मारून दोन-दोन इंचांवर खुणा कराव्यात आणि तेथे एक इंची भोके आरपार पाडावीत. मग मधल्या रेघेवरून पट्टी उभी कापावी. एका पट्टीच्या दोन होतात आणि प्रत्येकीला एकसारख्या अर्ध्या गोल खाचा मिळतात. अशा चार पट्ट्या कपाटाच्या चार कोपऱ्यांत, पुढची आणि मागची खाच एकमेकींकडे तोंड करून, उभ्या बसवायच्या. टोके गोलसर केलेली आडवी दांडी पुढच्या आणि मागच्या खाचेत अडकवायची. डावीकडे एक दांडी, उजवीकडे एक, त्यांवर फळी. फळीचे चार कोपरे पट्ट्यांपुरते कापावे लागतात, एवढेच काम वाढते. यात पिनही नाही आणि फाकणारे भोकही नाही.

८. भिंतीवरच्या पट्ट्या आणि ब्रॅकेट. पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत प्लग घालून स्क्रू आवळता येत असतील तर हे चांगले; जागा वाचते. मातीच्या भिंतीला हे करू नये. तेथे स्क्रू धरत नाही आणि भिंतीतली ओल व वाळवी सरळ पुस्तकांत येते. मातीच्या घरात आपल्या पायावर उभे राहणारे कपाटच ठेवावे.

भोके पाडताना

आधार कितीही चांगला असो, चार भोके एका पातळीत नसतील तर फळी तीन पायांच्या खुर्चीसारखी वागते. यासाठी सुतार फर्मा वापरतात, तोच आपणही वापरावा. कपाटाच्या उंचीएवढी एक सरळ पट्टी घ्यावी, तिच्यावर दोन-दोन इंचांवर भोके पाडावीत आणि तिच्या एका टोकाला ठळक अक्षरांत 'खाली' असे लिहावे. चारही ठिकाणी हे टोक खालीच टेकवून फर्म्यातून भोके पाडायची. एका बाजूला माप खालून आणि दुसऱ्या बाजूला वरून घेतले की चूक झालीच म्हणून समजा. हाताने मोजून आखायच्या भरीस पडू नये.

भोकांची रांग पुढच्या आणि मागच्या कडेपासून दीड-दोन इंच आत असावी. कडेजवळ भोक पाडले की लाकूड चिरते. बाजूची फळी एक इंच जाडीची असेल तर भोक पाऊण इंच खोल करावे. बाजू सहा सुती असेल तर भोक अर्ध्या इंचावर थांबवावे आणि पिनही त्या मानाने आखूड, सव्वा इंचाची, कापावी. सामत्याने पाडा की विजेच्या यंत्राने, बिटाला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळावी. पट्टी लाकडाला लागली की थांबायचे. भोक आरपार गेले तर कपाट तर विद्रूप होतेच, पण पिन मागे सरकून फळी सोडते.

फळीची लांबी दोन बाजूंमधल्या अंतरापेक्षा अर्धे सूत कमी ठेवावी, त्याहून कमी नको. पावसाळ्यात लाकूड फुगते म्हणून काही जण लांबीत मोठी फट सोडतात. ती चूक आहे. लाकूड आपल्या रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ वाढत नाही. ते रुंदीत वाढते. म्हणून फट सोडायची ती रुंदीत, फळीच्या मागे किंवा दारापाशी, एखादे सूत.

एक फळी पक्की हवीच

आता सर्वांत महत्त्वाचे. तात्यांच्या कपाटाची पिन मोडली खरी, पण दुसरीकडची फळी निसटली कशी? मी बाजूंना दोरी लावून पाहिली. दोन्ही बाजूंनी मधे पोट काढले होते. साडेपाच फूट उंचीच्या त्या कपाटात वरची आणि तळची फळी सोडली तर एकही फळी बाजूंना जोडलेली नव्हती. साऱ्या नुसत्या टेकलेल्या. टेकलेली फळी बाजूंना धरून ठेवत नाही. बाजू थोड्या बाहेर झुकल्या, फळी आतल्या आत आखूड पडली आणि पिनेचे टोक सुटले.

म्हणून चार फुटांपेक्षा उंच कपाटात मधली एक फळी कायमची स्क्रूने दोन्ही बाजूंना आवळावी. तिच्या वरच्या आणि खालच्या फळ्या खुशाल हलत्या ठेवाव्यात. कपाटाच्या पाठीला पातळ प्लायवूड ठोकला तर कपाट तिरके होत नाही. पाठ नसेल तर आधी ती बसवावी, मग पुस्तके ठेवावीत.

जड पुस्तके आणि फायली सर्वांत खाली, हलकी वर. आणि कपाटाचा माथा भिंतीला किंवा घराच्या खांबाला पट्टीने बांधून टाकावा. पोरे फळ्यांची शिडी करतात. आपणही लहानपणी केलीच होती.

वाळवी, ओल आणि दसरा

कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढून ठेवावे आणि त्याच्या पायांखाली फरशीचे तुकडे घालावेत. वाळवी मातीच्या नळ्या करून चढते. कपाट भिंतीला चिकटलेले नसले की नळी डोळ्यांना दिसते आणि वेळीच मोडता येते. आंब्याच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो. पिठासारखा भुसा पडलेला दिसला की ती फळी बाहेर काढावी. अशा फळीत खुंटी धरत नाही.

वर्षातून एकदा सारे आधार तपासावेत. त्यासाठी वेगळा मुहूर्त नको. खंडेनवमीला आपण अवजारे पुसून मांडतो, दसऱ्याला पाटी-पुस्तकाची पूजा करतो. त्याच दिवशी कपाट रिकामे करावे, पुस्तके उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर ठेवावीत, प्रत्येक पिन हलवून पाहावी आणि प्रत्येक फळी उलटी करून ठेवावी. वर्षभर खाली झुकलेली फळी उलटी केली की पुढच्या वर्षी सरळ होत जाते. दरवर्षी उलटत राहिलात तर ती कायमची वाकत नाही.

तात्यांचे कपाट

तात्यांच्या घरी पुढे काय झाले ते सांगून थांबतो. भुशाच्या पाट्यांचे कपाट दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. जुन्या गोठ्यावरच्या माळ्याच्या सागवानी फळ्या पडून होत्या, एक इंची आणि सहा सुती. गावचे सुतारमामा आता साठीच्या पुढे आहेत, पण हात तसाच आहे. त्यांनी फळ्यांना रंधा मारला आणि म्हणाले, "साहेब, लाकूड दगा देत नाही. टेकू दगा देतो." मी मान हलवली. जे सांगायला मी एवढी पाने लिहिली, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

रुंदी अडीच फूट ठेवली. एक इंची फळ्या बाजूंना घेतल्या. मधली फळी स्क्रूने आवळली. बाकीच्या तीन फळ्यांसाठी सळईच्या बारा पिना तात्यांनी स्वतः कापल्या. फर्म्यावर 'खाली' हे अक्षर नातीने लिहिले. काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. काम झाले तशा त्या आत आल्या, मधल्या फळीवर दोन्ही हात टेकवून अंगाचा भार टाकला. फळी हलली नाही. मग त्यांनी पुस्तके आत ठेवू दिली.

गेलेली वही परत येणार नाही. बावीस वर्षांचा पाऊस मला कोणत्याच दप्तरात सापडणार नाही, याची हळहळ आहे. पण परवा पुन्हा गेलो होतो. डोळ्यांच्या उंचीवरच्या खणात, नातीच्या बारावीच्या पुस्तकांशेजारी, एक नवी जाड वही उभी होती. तात्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर तारीख होती आणि पुढे लिहिले होते: दुपारी तीन वाजता पाऊस, वीतभर ओल, वरच्या तुकड्यात पेरणी उद्या.

तुमच्या घरीही अशी एखादी वही असेल. ती कुठे ठेवली आहे ते आजच पाहा. आणि ती ज्या फळीवर आहे, त्या फळीखाली हात घालून आधारही चाचपून पाहा.